कार्डात ऑपरेशन बसतं, महिन्याच्या गोळ्या का बसत नाहीत?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात आरोग्य योजनांच्या बातम्या सतत येतात, अमुक लाख कार्डं वाटली, तमुक हॉस्पिटल योजनेत आलं वगैरे, आणि त्या वाचून लोकांचा पक्का समज झालाय की एकदा कार्ड काढलं की औषधपाण्याची काळजी मिटली. मी डी.फार्म करून तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर काम करते, त्यामुळे हा समज कुठे येऊन आपटतो ते रोज बघते. मध्ये एक आजोबा आले, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेलं ते ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं, चिठ्ठीबरोबर काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले यातून कापून घ्या. चिठ्ठीत बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची आणि प्रोस्टेटची गोळी होती. आता त्यांना कसं सांगायचं की बाबा या कार्डावर लाखांचं ऑपरेशन होईल पण ही चार पाकिटं नाही येणार. सांगितलं तरी त्यांना वाटलं मीच देत नाहीये, मालकाला बोलवा म्हणाले.

तर नियम काय आहे ते एकदा साफ लिहिते कारण ते कोणी सांगतच नाही. आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आपल्याकडे तिच्या जोडीला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिचीही मर्यादा आधी दीड लाख होती ती ५ लाख केली आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही काढली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं कार्ड मिळतं. हे सगळं चांगलंच आहे, मी नाव ठेवत नाहीये, माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांची शेतं या योजनांमुळे विकायची वाचली. पण हे सगळं भरती झाल्यावर. आयुष्मानमध्ये औषधं मिळतात ती भरतीच्या आधीचे ३ दिवस, हॉस्पिटलात असेपर्यंत आणि डिस्चार्जनंतर १५ दिवस. सोळाव्या दिवसापासून पुढे बहुतेक वेळा तुमचं तुम्ही बघा.

आणि खरा खर्च तर तिथून सुरू होतो ना. अँजिओप्लास्टी फुकट झाली, पेढे वाटले, पण डिस्चार्ज कार्डावर सहा-सात गोळ्या लिहिलेल्या असतात, त्यातल्या काही जन्मभराच्या, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन तर स्टेंट (हृदयाची नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकल्यावर सहसा महिनोन्महिने, बऱ्याचदा वर्षभर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदच करायच्या नसतात, केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ज्या माणसाकडे ऑपरेशनचे पैसे नव्हते म्हणून योजनेतून केलं त्याच्याकडे दर महिन्याच्या गोळ्यांचे पैसे असतील असं कोणी गृहीत धरलं देव जाणे. मग तो गोळ्या सोडतो, पुन्हा छातीत दुखतं, पुन्हा भरती, आणि भरती झाला की कार्ड परत चालतं!! म्हणजे सरकार अटॅकचे लाखभर रुपये द्यायला तयार, अटॅक येऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळीला नाही.

काउंटरवर हे कसं दिसतं ते सांगते. चिठ्ठी ३० दिवसांची असते आणि माणूस म्हणतो ५ दिवसांच्या द्या. मग आम्ही कात्रीने पट्टी कापतो. आता पट्टीवर एक्सपायरी आणि बॅच नंबर एका टोकाला छापलेला असतो, तो तुकडा कोणा एकाकडे जातो, उरलेला पाच गोळ्यांचा तुकडा पुढच्या माणसाला, त्याच्यावर कधीकधी औषधाचं नावसुद्धा अर्धंच येतं. घरी जाऊन तो डब्यात टाकला की दोन पांढऱ्या गोळ्यांतली बीपीची कुठली आणि शुगरची कुठली हे त्या म्हाताऱ्या माणसाने कसं ओळखायचं. मी माझ्यापुरतं पेनाने कागदाच्या पुडीवर नाव आणि एक्सपायरी लिहून देते, गर्दी असली की तेही राहतं. थायरॉईडची बाटली असते, ती तर कापताही येत नाही, शंभर-सव्वाशे गोळ्यांची अख्खी घ्यावी लागते, मग बायका म्हणतात पुढच्या महिन्यात बघू. बायकांचं तर काय सांगू, सासऱ्यांच्या पूर्ण घेतात, नवऱ्याच्या पूर्ण घेतात, आणि स्वतःच्या चिठ्ठीवर बोट ठेवून विचारतात, यातली कुठली नाही घेतली तरी चालेल? कॅल्शियम किंवा ॲसिडिटीची गोळी कमी करा असं मी म्हटलं तर ते डॉक्टरांच्या कामात नाक खुपसणं झालं आणि नाही म्हटलं तर ती स्वतःच ठरवते, आणि बहुतेक वेळा जी सगळ्यात महाग तीच काढते, मग ती सगळ्यात गरजेची असो. काहीजण एक दिवसाआड घेतात. बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊन काही त्रास जाणवत नाही हाच घोटाळा आहे, त्रास जाणवतो तेव्हा तोंड वाकडं झालेलं असतं.

लोक म्हणतील सरकारी दवाखान्यात जा की. बरोबर आहे, जायलाच पाहिजे, आणि मी पण पाठवते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल, इथे केसपेपरपासून तपासण्या-औषधांपर्यंत सगळं मोफत केलंय. (मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वेगळ्या खात्याची आहेत, तिथे हा निर्णय लागू नाही, हे पण लोकांना माहीत नसतं, तिथे पैसे मागितले की भांडतात.) बीपी-शुगरच्या पेशंटसाठी सरकारी दवाखान्यात एनसीडीची (संसर्ग न होणाऱ्या आजारांची) वेगळी ओपीडी असते आणि तिथे त्या नेहमीच्या गोळ्या फुकट मिळतात, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराईड, हीच औषधं बाहेर ब्रँडच्या नावाने विकली जातात. टीबीची पूर्ण औषधं मोफत आहेत, वर नोव्हेंबर २०२४ पासून पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, २००४ पासून मोफत. म्हणजे सरकारला दर महिन्याला घरपोच नाही तरी दवाखान्यापर्यंत गोळ्या पोचवता येत नाहीत असं अजिबात नाही, टीबीत जमतं.

पण बीपी-शुगरमध्ये काय होतं तर कधी एक गोळी असते, दुसरी नसते, कधी ८ दिवसांच्याच देतात. आणि मग तो छोटा चिटोरा येतो, "बाहेरून घ्या" वाला. ८ दिवसांच्या गोळ्या म्हणजे महिन्यातून चार वेळा सकाळची ओपीडी, चार वेळा एसटी किंवा वडापचं भाडं आणि चार दिवसांची मजुरी बुडणार, मग हिशेब केला तर फुकटची गोळी विकतच्या गोळीपेक्षा महाग पडते आणि माणूस गुपचूप आमच्याकडे येतो. हे मला वाटतं मुंबईत बसून निर्णय घेणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही कारण त्यांच्या कागदावर त्या माणसाला औषध "दिलेलं" असतं. २०१७ मध्ये केंद्राचा हायपरटेन्शनचा, म्हणजे वाढलेल्या बीपीचा कार्यक्रम सुरू झाला त्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते, आणि त्या कार्यक्रमाचा गाभाच हा होता की ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्यांचा साठा कायम, आणि पेशंटला एका वेळी ३० दिवसांच्या द्यायच्या. म्हणजे हे आपल्याच राज्यात करून बघितलेलं आहे, नवीन काही शोधायचं नाहीये.

दुसरा रस्ता जनऔषधी, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली स्वस्त औषधांची दुकानं. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पहिलं दुकान अमृतसरला उघडलं होतं, नंतर बरीच वर्षं ते रखडलं, पण २०२५ च्या सुरुवातीपर्यंत देशात १५ हजारांच्या वर दुकानं झाली आणि यादीत दोन हजारांवर औषधं आली. भाव ठरवायची पद्धत अशी की त्या औषधाच्या टॉपच्या तीन ब्रँडची सरासरी काढायची आणि तिच्या जास्तीत जास्त ५० टक्के लावायचे, प्रत्यक्षात पुष्कळ गोळ्या ८० टक्क्यांपर्यंत स्वस्त मिळतात. मी हे लिहितेय म्हणजे आमचे मालक वाचतील तर मला काय म्हणतील ते म्हणोत, पण रोजच्या चार-पाच गोळ्या असणाऱ्याने एकदा तरी आपली चिठ्ठी जनऔषधीत दाखवून यावी. "स्वस्त म्हणजे डुप्लिकेट" हे डोक्यातून काढा. तिथला माल डब्ल्यूएचओ-जीएमपी (जागतिक आरोग्य संघटनेचे उत्पादनाचे दर्जानियम) पाळणाऱ्या कंपन्यांकडून घेतात आणि बॅच मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून मगच दुकानात येतो. गोळीचा रंग वेगळा असतो, आकार वेगळा असतो, पट्टी साधी असते, एवढंच.

अडचण वेगळीच आहे. डॉक्टर चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहितात, आणि शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधात चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसरं द्यायला फार्मासिस्टला कायद्याने परवानगीच नाही. म्हणजे पेशंट माझ्यासमोर उभा, त्याच औषधाची स्वस्त पट्टी माझ्या मागच्या खणात पडलेली, आणि मी स्वतःहून ती देऊ शकत नाही. (प्रत्यक्षात सगळीकडे काय चालतं ते सगळ्यांना माहितीय, पण बदलून दिलेली पट्टी पेशंटसाठी स्वस्त असते की दुकानदाराला त्यात मार्जिन जास्त असतं म्हणून दिलेली असते हे पेशंटला कळायला मार्ग नसतो, तेव्हा त्यावर विसंबून राहू नका.) डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, जेनेरिक नाव, सुवाच्य मोठ्या अक्षरात लिहावं असा नियम २०१६ पासून आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने जेनेरिक लिहिणं सक्तीचं करणारी नवी नियमावली आणली आणि तीन आठवड्यांत ती स्थगितही केली. डॉक्टरांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, क्वालिटीची खात्री आधी द्या मग सक्ती करा हे त्यांचं म्हणणं, त्यात तथ्य आहे, आणि काही औषधं अशी असतातही की जी सारखी बदलू नयेत, फिटची, रक्त पातळ करायच्या वॉरफरिनची, थायरॉईडची, यात कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगून आणि नंतर तपासणी करून. पण बीपी, कोलेस्टेरॉल, ॲसिडिटी, मेटफॉर्मिन, यात कसली भीती.

म्हणून वाचकांना एक साधी गोष्ट सांगते, चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना म्हणा, "सर, कंटेंट पण लिहा, जनऔषधीत मिळेल असं लिहा." बहुतेक डॉक्टर लिहून देतात हो, लोकच विचारायला लाजतात, गरीब दिसू नये म्हणून. आणि हेही विचारा की या सगळ्या गोळ्या अजून लागतायत का. दोन डॉक्टर असले की ॲसिडिटीच्या दोन गोळ्या दोघांनी लिहिलेल्या असतात, एक व्हिटॅमिन तीन वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी दिलेलं असतं ते अजून चालूच असतं. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ओता, तोंडी सांगत बसू नका. कधीकधी जास्त पॉवरची गोळी मधे रेघ असलेली मिळते आणि अर्धी करून घेतली तर स्वस्त पडते, पण हे डॉक्टरांनाच ठरवू दे, कारण ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असतं ती तोडायची नसते, तोडली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. इन्सुलिनचंही तसंच, पेनाच्या कार्ट्रिजपेक्षा साधी बाटली फारच स्वस्त, सरकारीत तर फुकट, पण ती बाटली ४० ची (एका मिलीलीटरमध्ये ४० युनिटवाली) असते आणि तिला ४० चीच सिरिंज लागते, लाल टोपणाची. घरात पडलेल्या १०० च्या सिरिंजने घेतलं तर डोस चुकतो आणि हे मी होताना बघितलंय, पेशंट म्हणतो सरकारी इन्सुलिनमध्ये दमच नाही, आणि दम असतो, सिरिंज चुकीची असते.

भावाबद्दल थोडं. लोकांना वाटतं मेडिकलवाले भाव लावतात. नाही हो. जी औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहेत, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत, त्यांचा जास्तीत जास्त भाव एनपीपीए (औषधांच्या भावांचं केंद्राचं प्राधिकरण) ठरवतं, आणि तोही दर एप्रिलला महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे हलतो, एप्रिल २०२३ मध्ये तर १२ टक्क्यांहून जास्त वाढवायला परवानगी मिळाली होती. यादीत नसलेल्या औषधांना कंपनी सुरुवातीला पाहिजे तो भाव छापू शकते, नंतर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. कुठली गोळी किती मक्तेदारीत महाग होती याचा नमुना बघायचा तर शुगरची एम्पाग्लिफ्लोझिन घ्या, पेटंट होतं तोवर एक गोळी साधारण ६० रुपयांना, मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि काही दिवसांत इतर कंपन्यांची तीच गोळी १०-१५ रुपयांच्या आसपास आली, काहींची त्याहून कमी. पण आमच्याकडे अजून जुन्या ब्रँडच्या नावाची चिठ्ठी येते आणि माणूस जुनाच भाव मोजतो, कारण त्याला कोणी सांगितलंच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय आणि काही जीवनावश्यक औषधांवर शून्य, तेव्हा जुन्या छापील भावाची पट्टी हातात आली तर बिल बघा, बिलात नवा भाव लागायला पाहिजे. एनपीपीएचं फार्मा सही दाम नावाचं ॲप आहे त्यात औषधाचा भाव बघता येतो, जनऔषधीचं सुगम ॲप आहे त्यात जवळचं दुकान आणि औषध सापडतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला हे करायला लावा, रील्स बघायच्या वेळात होतं.

आता बाकीची मदत, जी आहे पण कोणाला सापडत नाही. मेडिक्लेम असेल तर भरतीच्या आधीच्या आणि डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांतली औषधांची बिलं मिळतात, सहसा आधीचे ३० आणि नंतरचे ६०, काही पॉलिसीत ६० आणि ९०, तुमच्या पॉलिसीत बघा. पण त्याला पक्कं बिल आणि चिठ्ठी लागते, आणि लोक बिल घेतच नाहीत, किंवा मुलाच्या नावाने घेतात, पेशंटचं नाव नसतं, मग क्लेम उडतो. ६० वर्षांवरचे ज्यांचा मेडिक्लेमच नाही आणि जे अजून जुन्या टॅक्स रिजीममध्ये आहेत त्यांना औषधपाण्याच्या खर्चावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, ८०डी म्हणतात ती, पण रोख दिलेले पैसे धरत नाहीत, तेव्हा पेन्शनर मंडळींनी यूपीआयने द्यावे आणि बिलं एका फाईलला लावावीत. अर्थात हा फायदा टॅक्स भरणाऱ्याला, आमच्याकडे पट्टी कापून नेणाऱ्याला याचा काय उपयोग.

धर्मादाय हॉस्पिटलांचं मात्र गरिबाला उपयोगाचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे राज्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत बाजूला काढावी लागते. तिथे गेल्यावर सरळ एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजसेवा अधीक्षकांची खोली विचारायची, बिलिंग काउंटरवर विनवण्या करत बसायचं नाही, त्या काउंटरवरच्या पोरीच्या हातात काही नसतं. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर असू द्या. कॅन्सरच्या महागड्या गोळ्या-इंजेक्शनसाठी बऱ्याच कंपन्यांचे पेशंट असिस्टन्स प्रोग्रॅम असतात, काही डोस विकत घेतले की पुढचे मोफत किंवा सवलतीत, पण त्याचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीने जातो आणि सुरू करतानाच भरावा लागतो, दागिने मोडून औषधाच्या चार फेऱ्या झाल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो. हे ऑन्कॉलॉजीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला काय हरकत आहे मला कळत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीही आहे पण तो मोठ्या आजाराच्या, हॉस्पिटलच्या उपचाराला, दर महिन्याच्या बीपीच्या गोळीला तिथे कोणी उभं करणार नाही.

म्हणजे फिरून गाडी तिथेच येते. मोठ्या आजाराला दहा दारं आहेत, सारख्या लागणाऱ्या छोट्या गोळीला एक सरकारी दवाखाना आणि एक जनऔषधी, आणि दोन्हीकडे साठ्याचा भरवसा नाही. दुसरी राज्यं काय करतात बघा ना. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना चालवलीय आणि सरकारं बदलली तरी ती बंद पडली नाही. तामिळनाडूने १९९४ मध्येच औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं आणि ऑगस्ट २०२१ पासून तर बीपी-शुगरच्या गोळ्या घरी नेऊन द्यायला लागले. आपण २०२३ मध्ये खरेदीसाठी प्राधिकरण काढलं, ठीक आहे, उशिरा का होईना, पण ते प्राधिकरण चालतंय की नाही हे मंत्रालयातल्या बैठकीवरून नाही, आमच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर महिन्याच्या २५ तारखेला मेटफॉर्मिन आहे का यावरून कळणार.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. जुन्या, स्थिर पेशंटला एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या द्या, कोणाचं काय जातंय, गोळ्या तेवढ्याच लागणार, रांगा मात्र कमी होतील. आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी औषधाची खिडकी उघडी ठेवा म्हणजे मजुरी बुडवून यावं लागणार नाही. आशाताई तसंही घरोघर जातात पण त्यांच्यावर आणखी एक काम फुकटात टाकू नका, पैसे देऊन द्या. योजनेतून स्टेंट टाकलेल्या किंवा लकव्यातून उठलेल्या पेशंटला पंधरा दिवसांऐवजी निदान वर्षभराच्या गोळ्या त्याच योजनेतून द्या, एका परत भरतीच्या खर्चात कितीतरी जणांच्या होतील. आणि "बाहेरून घ्या" असा चिटोरा दिला की त्याची नोंद एका रजिस्टरला झाली पाहिजे, कुठलं औषध, किती जणांना, म्हणजे तुटवडा कुठे आहे ते वर कळेल, सध्या तो तुटवडा फक्त आमच्या गल्ल्यात दिसतो, सरकारी कागदावर नाही. याने आमच्या दुकानाचा धंदा कमी होईल हे मला कळतं. होऊ दे, बाकी विकायला पुष्कळ आहे.

आणि एक मागणी तुमच्याकडे. पावसाळ्यात तुम्ही रोज धरणांचा पाणीसाठा टक्क्यांत छापता, लोक सकाळी उठून पहिलं तेच बघतात आणि टक्का घसरला की पाटबंधारे खात्याचे फोन वाजायला लागतात. तसाच आठवड्यातून एकदा, जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर का होईना, सिव्हिल आणि तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातला पंधरा-वीस नेहमीच्या औषधांचा साठा छापा. अम्लोडिपिन किती दिवसांचं आहे, इन्सुलिन आहे का, फिटच्या गोळ्या संपल्यात का. आकडे देत नाहीत म्हणाले तर "माहिती दिली नाही" असं त्या रुग्णालयाच्या नावापुढे छापा. आमच्या तालुक्याची यादी कशी असावी, त्यात कुठली औषधं घ्यावीत, हे ठरवायला मदत लागली तर मी करेन, रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक